केडगाव, नगर, राहुरी: तीन दिवस आणि प्रार्थनेतली एक ओळ

परत येऊन बारा दिवस झाले. बॅगा रिकाम्या झाल्या, आणलेल्या गुळाची ढेप निम्मी संपली, आज दुपारी घरात कोणी नाही म्हणून लिहायला बसलेय. तीनच दिवसांची ट्रिप होती, पुण्याहून केडगाव, तिथून नगर, तिथून राहुरी. अंतरं बघितली तर याला कोणी प्रवास पण म्हणणार नाही. पण यातल्या राहुरीला मी सात वर्षं पाऊल टाकलं नव्हतं आणि राहुरी माझं माहेर आहे.

कारण आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा गेल्यावर दादाने बोलावून घेतलं, म्हणाला घराच्या उताऱ्यावर वारस नोंद लावायची आहे, तुझी सही लागेल. मी रजा काढून गेले. दुय्यम निबंधक कार्यालयात दोघं बाकावर बसलो, फोटो झाला, अंगठा झाला, दाखवलं तिथे सह्या केल्या, बाहेर येऊन दादानेच टपरीवर चहा पाजला. तो कागद हक्कसोडपत्र, म्हणजे घरातला माझा वाटा सोडल्याचा कागद होता हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. घर लहान आहे, मला त्याची गरज तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. मागितलं असतं तर दिलं असतं. कागद वाचला नाही कारण समोर भाऊ होता.

(हे वाचणाऱ्या बहिणींसाठी: आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखाच वाटा आहे. सोडायचा तर खुशाल सोडा, पण कागदाचं पहिलं पान वाचून सोडा, वरती मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं काय आहे ते.)

त्यानंतर सात वर्षं मी चर्चला गेले, प्रभुभोजन घेतलं, महिला सभेत साक्ष दिली, आणि रात्री भांडी लावताना मनातल्या मनात दादाशी भांडले. वाक्यं तयार होती, रोज त्यांना थोडी धार लावायची. नवऱ्याला वाटायचं मी गाणं म्हणतेय.

चर्चमधल्या मैत्रिणीला पंडिता रमाबाईंचं केडगाव बघायचं होतं, लक्ष्मीबाई टिळकांचं नगर बघायचं होतं आणि लक्ष्मीबाई आणि त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, राहुरीला राहायचे म्हणून तिने राहुरी पण घातली. तिला माझ्या माहेरचं सगळं माहीत आहे. तिने मुद्दाम घातली का हे मी विचारलं नाही.

दिवस पहिला, शुक्रवार: केडगाव

पुण्याहून सकाळची दौंडकडे जाणारी गाडी. जानेवारीचा शेवटचा आठवडा, लोणी सोडल्यावर खिडकीतून असा काही गार वारा की दोघींनी एकच शाल घेतली. एक टिप इथेच: केडगाव दोन आहेत. एक नगर शहराला लागून, आणि आपलं दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लाईनवरचं. मॅप लावताना तालुका बघा.

गाडीत मैत्रिणीने मला सिस्टर रानी मारिया यांची गोष्ट सांगितली. मला नाव माहीत होतं, पूर्ण गोष्ट नाही. केरळच्या सिस्टर, मध्य प्रदेशात उदयनगरला गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या कर्जातून सोडवायचं काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाताना बसच्या प्रवासात त्यांना भोसकून मारलं. आणि २००२ मध्ये त्यांची सख्खी धाकटी बहीण, ती पण सिस्टर, तुरुंगात गेली आणि ज्याने मारलं त्याला राखी बांधून आली. पुढे तो सुटला, केरळला त्यांच्या घरी जाऊन आईला भेटला. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदूरला रानी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

खरं सांगते, ऐकून मला बळ वगैरे काही आलं नाही, उलट दडपण आलं. एका बहिणीने खुन्याला राखी बांधली आणि मी एका घरासाठी सात वर्षं धरून बसलेय, आणि हे कळूनसुद्धा आत काही हललं नाही. मैत्रिणीने दुसरं काही न बोलता डब्यातली पोळी-चटणी पुढे केली.

स्टेशनवरून रिक्षाने रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनला गेलो. आधी फोन करून वेळ ठरवलेली होती, तुम्ही पण तसंच करा, हे काही पिकनिक स्पॉट नाही, तिथे मुली आणि बायका राहतात. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, मुलींचे तर नाहीच. न्यायचं काही असेल तर काय लागतंय ते आधी विचारा.

चर्च मोठं आहे, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. आतमध्ये आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं, चपला काढल्यामुळे पायाला फरशी गार लागत होती. मी बाकावर बसून रमाबाईंचं आयुष्य आठवत होते. आई-वडील दुष्काळात उपाशी गेले. भाऊ गेला. १८८० ला लग्न आणि १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याच लोकांनी तोडायला सुरुवात केली. १८८९ ला शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवायला, आणि १८९३ मध्ये मुलींना बाटवतात म्हणून पुण्यात एवढा गदारोळ झाला की सल्लागार मंडळातली मोठी मोठी माणसं राजीनामे देऊन मोकळी झाली, कितीतरी घरच्यांनी मुली काढून नेल्या. वर्तमानपत्रांत काय काय छापून आलं ते आज वाचलं तरी अंगावर येतं.

आणि तीन वर्षांनी दुष्काळ पडल्यावर ही बाई काय करते, तर उठून मध्य प्रांतात जाते आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून आणते, सुमारे तीनशे. ज्या समाजाने तिला बोल लावले त्याच समाजाने टाकलेल्या मुली. बरं, ती गप्प बसणारी बाई नव्हती. विधवांचे हाल, धर्माच्या नावावर चाललेला जुलूम, सगळं तिने लिहून ठेवलंय, नावं घेऊन, भीड न ठेवता. आतापर्यंत माझी समजूत अशी होती की क्षमा करायची तर तोंड बंद करायचं, आणि तोंड उघडायचं तर मनात राग पाहिजेच. रमाबाईंनी तोंड कधीच बंद केलं नाही. आणि तरी मुक्तीचं दार सगळ्यांना उघडं. हे दोन्ही एका माणसात कसं राहतं, हाच प्रश्न घेऊन मी बाकावरून उठले.

एका आजींची भेट झाली, ती या ट्रिपमधली सगळ्यात मोठी गोष्ट. मुक्तीत अंध बायकांसाठी पहिल्यापासून वेगळी सोय आहे, बारतीमय सदन, येशूने ज्या आंधळ्या बारतीमयाला दृष्टी दिली त्याच्या नावाचं. आजी व्हरांड्यात उन्हात पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. दिसत काहीच नाही. ताटात तांदळाचा पातळ थर पसरायचा, चार बोटांनी तो सावकाश पुढे सरकवायचा, खडा लागला की अंगठा आणि मधलं बोट, टुक करून बाजूच्या वाटीत. मी पाच-सहा मिनिटं नुसती बघत होते. वाटीत खडेच होते, एकही तांदूळ नव्हता.

मी "जय ख्रिस्त आजी" म्हणून शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, बांगड्या चाचपल्या, कुठली, मुलं किती, सगळं विचारलं. मग स्वतःचं सांगितलं. सात वर्षांच्या असताना काका फाटकाशी सोडून गेला, म्हणाला पाणी पिऊन येतो. "पाणी पिऊन यायला त्याला चाळीस वर्षं लागली बघ," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांनी खरंच आला होता, म्हातारा होऊन, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आजी लग्नाला गेल्या. मी विचारलं, राग नाही आला?

"यायचा की. अजून येतो कधी कधी. त्याला मी म्हटलं, काका, तू मला फसवलंस, मी फाटकाशी रात्रीपर्यंत उभी होते. तो रडला. मग जेवलो."

थोडा वेळ बोटं तांदळातून फिरत राहिली. मग म्हणाल्या, "मी रोज झोपताना प्रभूची प्रार्थना म्हणते बाई. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथवर आले की थांबते. मनात बघते, सुटलंय का. सुटलं असेल तर पुढे जाते. नसेल तर खोटं कशाला म्हणायचं देवापुढे? तिथंच झोपते. सकाळी तोच उठवतो, मग पुढचं म्हणते."

मी ही प्रार्थना बोलता यायला लागल्यापासून म्हणतेय. पण त्यातला 'सोडणे' आणि माझ्या त्या कागदावरचा 'हक्कसोड' हा शब्द एकच आहे हे मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा ऐकू आलं. एक सोडणं माझ्याकडून फसवून घेतलं होतं. दुसरं माझ्याकडून कोणीच काढून घेऊ शकत नव्हतं, ते मीच करायचं होतं. आजींना मी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या ताटातले थोडे तांदूळ मी पण निवडले, मला दिसतंय तरी माझ्याकडून एक खडा सुटला आणि तो त्यांच्या बोटांना सापडला.

निघायच्या आधी रमाबाईंच्या कबरीपाशी गेलो. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, पुढचं सगळं काम तीच सांभाळणार होती. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं रमाबाईंचं काम तेव्हा संपत आलं होतं. ते त्यांनी पूर्ण केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. टाईप जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. ज्यांना अक्षर शिकू दिलं नव्हतं त्यांनी शास्त्र छापलं, हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

संध्याकाळी गुऱ्हाळावर गेलो, या भागात आलात आणि सीझन असेल तर चुकवू नका. लांबूनच वास येतो. चुलाणात चिपाडं घालत होते, काहिलीत रस उकळत होता, वर काळपट फेस येतो तो एक माणूस मोठ्या झाऱ्याने सारखा काढत होता, तासभर तेच काम. गुळव्याने गरम काकवी वाटीत दिली, जीभ भाजली तरी दोघींनी संपवली. ढेप तिथूनच घेतली. मुक्काम चौफुल्याला. रात्री प्रार्थना म्हणायला घेतली आणि त्या ओळीवर थांबले. तिथेच झोपले.

दिवस दुसरा, शनिवार: नगर

दौंडला गाडी बदलून नगर. आता अहिल्यानगर, पण बोलण्यात नगरच येतं. उतरलो तर कडाक्याची थंडी, दुपारी बारालाही रिक्षावाले मफलर गुंडाळून. मैत्रिणीची मामेबहीण स्टेशनवर आली होती, तिच्याकडेच राहिलो.

नगर म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांचं आजोळच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला इथे आलं. जुन्या भागातून चालत फिरलो, ह्यूम चर्च बाहेरून बघितलं, आणि दुपारी मामेबहिणीच्या मळ्यात हुरडा. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात खुपसायची, काढून हातावर चोळायची, तळहात पोळतात, वर लसणाची चटणी आणि गूळ. हुरडा खायला जाणार असाल तर सकाळी पोट रिकामं ठेवा आणि दुपारनंतर पाणी जपून, एवढंच सांगते.

आरासमोर बसून लक्ष्मीबाईंचा विषय निघाला. मामेबहिणीने त्यांचं आत्मचरित्र कितीदा वाचलंय कोण जाणे, पानंच्या पानं पाठ. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. सोवळ्यातली बाई, पदरात लहान मुलगा, आणि नवरा एका दिवसात परका. चार-पाच वर्षं वेगळी राहिली. मग नगरला परत एकत्र आले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, कोणी म्हणालं म्हणून नाही, हळूहळू एकेक गाठ सुटत गेली म्हणून. मला आवडतं ते हे, की टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता निघून जाणं, घरात दाणा नसताना पैसे वाटून टाकणं, सगळं त्यांनी लिहिलंय, काही लपवलेलं नाही. आणि वाचताना कुठेही कडवटपणाचा घोट येत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्तायन या येशूच्या जीवनावरच्या महाकाव्याचे दहाएक अध्याय झाले होते. उरलेले साठहून जास्त लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने.

"तिला नवऱ्याचं वाईट सांगताना पण त्याच्यावरचं प्रेम लपवता येत नाही," मामेबहीण म्हणाली. मी निखारे उकरत होते. मी गेल्या सात वर्षांत दादाबद्दल जे जे बोलले, त्यात दादा कुठे होता? मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणारा, माझ्या लग्नात मांडवाच्या मागे जाऊन रडणारा, तो मी गोष्टीतून काढूनच टाकला होता. सह्या घेणारा तेवढा ठेवला होता.

रात्री प्रार्थनेत परत त्याच ओळीवर थांबले. पण या वेळी दादा सायकलसकट आठवला. वाक्यांना धार लावली नाही. तिथेच झोपले.

दिवस तिसरा, रविवार: नगर ते राहुरी

सकाळी उपासनेला गेलो. पेटी, तबला, टाळ, आणि 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातलं टिळकांचं भजन, सगळं चर्च ठेक्यात. वचन होतं भावांनीच विकलेल्या योसेफाचं, बायबलच्या उत्पत्तीच्या ५० व्या अध्यायातलं. पाळकसाहेब वयस्कर, आवाज बारीक, पण एक गोष्ट अशी बोलले की मी पेन काढून हातावर लिहिली. म्हणाले, आपण योसेफाचं अर्धंच वाक्य पाठ करतो, देवाने चांगलं योजलं. पण वाक्य सुरू कुठून होतं बघा. "तुम्ही माझे वाईट योजले." योसेफाने भावांना ते तोंडावर सांगितलं. आणि मग त्यांना, त्यांच्या लेकराबाळांना पोसायचं वचन दिलं.

केडगावच्या आजी पण तेच म्हणाल्या होत्या. काका, तू मला फसवलंस. मग जेवलो.

बाहेर आलो तर आभाळ भरून आलेलं, जानेवारीत! बसमध्ये बसेपर्यंत भुरभुर सुरू झाली, सगळी बस काढणीला आलेल्या ज्वारी-कांद्याच्या काळजीत. बसबद्दल: एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मागून घ्या. आणि तिकीट काढताना राहुरी गाव म्हणून स्पष्ट सांगा, राहुरी फॅक्टरी वेगळं, विद्यापीठ वेगळं.

मैत्रीण बसस्टँडच्या जवळ तिच्या ओळखीकडे थांबली. "मी इथेच आहे, वाटलं तर फोन कर," एवढंच. मी चालत गेले. घराला नवा रंग, पिस्ता कलर, बाबांना अजिबात आवडला नसता. वहिनी दारात भांडी घासत होत्या, मला बघून हातातली राख तशीच ठेवून उभ्या राहिल्या, "ताई, भिजलात की हो," म्हणून आतून टॉवेल आणला. दादा टीव्ही बघत होता. केस सगळे पांढरे. त्याने टीव्ही बंद केला नाही, आवाज कमी केला.

चहा झाला. पावसाचं बोलणं झालं. मी प्रभूला मनात म्हटलं आता तू बोल, माझी वाक्यं सगळी खराब आहेत. आणि मग म्हणाले, "दादा, त्या दिवशी तू मला खोटं सांगून सही घेतलीस. ते वाईट केलंस. मला घर नको, तेव्हाही नको होतं. मी ते सोडलंय. पण झालंच नाही असं मी म्हणणार नाही."

माझा आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. दादा काही बोलला नाही. माफ कर म्हणाला नाही, कारण पण दिलं नाही. खूप वेळ टीव्हीकडे बघत होता, त्यावर कुठल्यातरी पंपाची जाहिरात चालू होती. मग उठून आत गेला, बराच वेळ आला नाही. वहिनी पदराने डोळे पुसत पोह्यात दाणे घालत होत्या.

पोहे खाल्ले. वहिनींनी मुलांचे फोटो दाखवले. मी जायला उठले तेव्हा दादा बाहेर गाडीवरचं पाणी फडक्याने पुसत होता. "बस," म्हणाला. स्टँडपर्यंत पाच मिनिटं, दोघं गप्प, मी मागे त्याचा खांदा धरून. बस लागली तेव्हा खिडकीपाशी येऊन खिशातून पैसे काढले आणि म्हणाला, "तुला आता अर्धंच लागतं ना तिकीट?" मी हो म्हटलं आणि पैसे घेतले. बस वळेपर्यंत तो तिथेच उभा होता, हेल्मेट हातात धरून, पावसात.

त्याच्या मनात काय आहे मला माहीत नाही. हक्कसोडपत्र अजून तसंच आहे, मी ते बदलायला जाणार नाही. वहिनींचा दोनदा फोन आला, कांदा वाचला म्हणाल्या. दादाचा नाही आला.

रविवारी रात्री घरी पोचून दिवा मालवला, प्रार्थना म्हणायला घेतली, त्या ओळीवर आले, आत बघितलं आणि पुढे गेले, आमेनपर्यंत. सोमवारी परत तिथे अडकले, तिथेच झोपले. बुधवारी पुढे गेले. काल पण.